मिग-२१ च्या किटसाठी आधी पुस्तक घ्या, अवजारं नंतर

तुम्ही लिहिलंय ते असं: मिग-२१ एमएफ या लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं १/४८ चं (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) किट घेतलंय, ते १९७१ च्या युद्धातलं आपल्या हवाई दलाचं विमान म्हणून सजवायचंय, खर्चाला पाच हजार आहेत, राहायला पुण्यात, आणि चाळीस नगांचा अवजारांचा एक तयार संच ऑनलाइन बघून ठेवलाय. तो घेऊ का, आणि सोबत कोणतं पुस्तक घेऊ?

संच घेऊ नका. मी घेतला होता. चाळीसपैकी पाच वस्तू वापरल्या, त्यातल्या चिमट्याची टोकं जुळतच नव्हती. पत्र्याचा एवढासा तुकडा उचलायला गेलं की तो टिचकी मारल्यासारखा उडून पलंगाखाली. बाकीच्या वस्तू घरातल्या ‘कधीतरी लागेल’च्या ड्रॉवरमध्ये गेल्या, अजून तिथेच आहेत.

पण खरी गोची अवजारांची नाहीच. १९७१ मध्ये गाजली ती मिग-२१ एफएल, म्हणजे आपल्याकडे जिला टाइप ७७ म्हणायचे ती. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली तीही हीच. तुमच्या हातात आहे एमएफ. दोन्ही मिग-२१ च, पण सख्ख्या बहिणींसारख्या, लांबून सारख्या दिसतात इतकंच. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली शस्त्रं टांगायचा एकच खांब, एमएफला दोन. एमएफच्या पोटात २३ मिलिमीटरची जोडनळी तोफ कायमची बसवलेली. एफएलला आतली तोफच नव्हती, लागेल तेव्हा पोटाखाली जीपी-९ नावाचा तोफेचा डबा लटकवायचे. एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला बिजागरी असल्यासारखी उघडते, एमएफची उजवीकडे कलते. शिवाय पाठीवरचा फुगवटा एमएफचा चांगलाच जाड आहे. हे कानस घेऊन घासण्याचं काम नाही, किटच वेगळं लागतं. पिशव्या फोडल्या नसतील तर दुकानदाराशी बोलून बघा, नाहीतर हेच किट सत्तरच्या दशकात नंतर आलेल्या एम किंवा एमएफचं करा.

हे पाच मिनिटांत कशामुळे कळलं असतं? पुस्तकामुळे. म्हणून पैसे आधी तिथे घाला.

पुस्तकंही सगळी एका कामाची नसतात. स्क्वाड्रन-सिग्नल या प्रकाशनाच्या दोन जुन्या मालिका उदाहरणादाखल घ्या. ‘इन अ‍ॅक्शन’मध्ये विमानाचा इतिहास आणि एका प्रकारातून दुसरा कसा निघाला त्याची रेखाचित्रं असतात, ‘वॉक अराउंड’मध्ये खऱ्या विमानाभोवती फिरून जवळून काढलेले फोटो. तुम्हाला आज पहिलं पुस्तक लागणार आहे आणि कॉकपिट उघडाल त्या दिवशी दुसरं. ‘रंग कसा द्यावा’ छापाच्या पुस्तकांवर मात्र मी आता पैसे घालत नाही. हात कसा फिरवायचा हे व्हिडिओत जास्त चांगलं दिसतं. आणि ज्यात दुसऱ्यांनी बनवलेल्या मॉडेलांचेच फोटो आहेत ते पुस्तक तर घेऊच नका, त्यावरून काम केलं की नकलेची नक्कल होते.

पुस्तकात मोजमापाची रेखाचित्रं असतील तर विश्वास ठेवण्याआधी स्टीलची पट्टी लावा. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये १४९ मिलिमीटर. चित्रात १४५ भरले तर ते चित्र शोभेपुरतं. चित्र १/७२ चं असेल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन दीडशे टक्क्यांवर झेरॉक्स काढा, बरोबर १/४८ होतं. मग झेरॉक्सवरही पट्टी लावा, कारण मशीन कधीकधी एका दिशेला जास्त ताणतं. चित्र दोन पानांवर पसरलेलं असेल तर शिवणीत दोन-तीन मिलिमीटर हमखास गिळले जातात.

फोटोंच्या बाबतीत एक सावधगिरी. संग्रहालयातली विमानं बहुतेकदा पुन्हा रंगवलेली असतात, कॉकपिटमधली घड्याळं काढलेली असतात, टायर बसलेले असतात. आकार आणि जोडणी बघायला ती उत्तम, रंग उचलायला अजिबात नाही. आणि आपल्याकडच्या बायसनच्या, म्हणजे बऱ्याच नंतर सुधारलेल्या मिग-२१ च्या कॉकपिटचा फोटो बघून एफएलचं कॉकपिट करू नका, आतली उपकरणं किती तरी नंतरची आहेत.

आता अवजारं. त्याआधी एक गणित, कारण निम्मी अवजारं या गणितातच बाद होतात. पत्र्यांमधल्या जोडरेषा पुन्हा कोरायला लोक स्क्रायबर घेतात आणि उत्साहात ०.२ मिलिमीटर रुंद चर पाडतात. त्याला ४८ ने गुणा: ९.६ मिलिमीटर. खऱ्या विमानाच्या अंगावर जवळजवळ एक सेंटीमीटरची फट! माझं पहिलं मिग असंच नांगरलेल्या शेतासारखं झालं होतं. घोरपडीजवळच्या दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकात मिग-२३ बीएन उभं आहे. त्याच्यापासून दहा मीटरवर उभे राहा. १/४८ चं मॉडेल एकवीस सेंटीमीटरवरून बघण्यासारखंच ते अंतर. रिव्हेट किती दिसतात आणि जोडरेषा कुठे नुसत्या रंगाच्या छटेतून जाणवतात ते बघून या. मग रिव्हेट पाडायचं चाक घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्हीच ठरवाल. मी घेतलं नाही.

जास्त पैसे एकाच गोष्टीवर खर्चा: निपर, म्हणजे भाग तोडून काढायची छोटी पक्कड. एका बाजूला सपाट, बारीक टोकाचा, मऊ प्लॅस्टिकसाठीच बनवलेला. त्याने तार कधीही कापू नका, एकदा पात्याला खाच पडली की संपलं. भाग स्प्रूवरून (किटमध्ये भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) एका झटक्यात तोडायचा नाही. आधी लांबून तोडा, मग उरलेला खुंट पात्याने पातळ काप काढत काढत उतरवा. एकदम तोडलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि भागाच्या अंगातला तुकडाच निघून येतो.

बाकीचं पेठांमध्ये मिळतं, ‘हॉबी’ असं लिहिलेल्या डब्यात घेण्याची गरज नाही. सदाशिव पेठेत सर्जिकल सामानाच्या दुकानात ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची पाती मागा. डॉक्टर वापरतात तीच, टोकदार आणि स्वस्त. बोथट व्हायच्या आतच पातं बदला, कारण बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते बोटात जातं. तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे बारीक चिमटा मिळेल. घेताना दुकानातच उजेडासमोर धरून टोकं मिटवून बघा, मध्ये उजेड दिसला तर ठेवून द्या. तिथेच तांब्याची बारीक तार घ्या, किंवा जुन्या चार्जरची वायर सोला, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या त्यातून होतात. बारीक कानशी सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात. वॉटर पेपर ४०० पासून २००० पर्यंतचा बोहरी आळीत. आणि गोल कडा घासायला तुळशीबागेतला नखं चमकवायचा बफर, हसू नका, त्याच्यासारखं काही नाही.

चिकटवायला पातळ प्लॅस्टिक सिमेंट घ्या, टॅमियाचं हिरव्या झाकणाचं मी वापरतो. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप आत ओढला जातो. ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे पितळी पत्रा आणि रेझिनचे (साच्यात ओतलेल्या राळेचे) वेगळे मिळणारे भाग त्याने चिकटत नाहीत, तिथे सुपरग्लू. पण सुपरग्लू कॅनॉपीच्या जवळ नको. त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं धरते, माझ्या एका वैमानिकाला आयुष्यभर दाट धुक्यात उडावं लागतंय. कॅनॉपीला साधा पांढरा फेव्हिकॉल. रेझिन घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

कोरीव पितळी पत्र्याचे भाग या वेळी सगळे घेऊ नका. सीटचे पट्टे आणि समोरचं उपकरणांचं पॅनेल एवढंच घ्या, कॅनॉपी उघडी ठेवली तर दिसतं तेवढंच. पत्रा कापताना खाली फरशीचा तुकडा ठेवा. कटिंग मॅट दबते आणि भाग वाकतो.

राहिली नाकावरची लांब पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजायची नळी. किटमधली जाड असते आणि मोडतेच. मेडिकलमधून २६ नंबरची इंजेक्शनची सुई आणा, तिचा बाहेरचा व्यास ०.४६ मिलिमीटर. मागचा भाग तिच्याहून जाड सुईचा करा आणि ही त्यात सरकवा. सुई निपरने कापायची नाही, नळी चपटी होते आणि निपरही जातो. टेबलावर ठेवून कानशीच्या धारेखाली गोल फिरवायची, खाच पडली की चिमट्याने मोडायची. टोचणारं तिरपं टोक घासून सपाट करा. ती कुठे बसते तेही पुस्तकात बघा: एफएलवर नाकाच्या वरच्या बाजूला बरोबर मध्यावर, एमएफवर जरा उजवीकडे. आणि बसवा सगळ्यात शेवटी, स्टिकर लावून, वार्निश वाळल्यावर. मी दोनदा आधी बसवली, दोन्ही वेळा शर्टाच्या बाहीत अडकून मोडली.