वाचक विचारतात : परदेशातलं इस्पितळ आणि अडकलेला कॉल

प्रश्न : माझे मिस्टर कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे जर्मनीला गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात बर्फावरून पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून पाच-सहा आठवडे तिथंच राहावं लागणार आहे. रोमिंगचा पॅक संपला. इस्पितळाच्या वाय-फायसाठी पैसे भरून कोड घ्यावा लागतो. तो घेतला, पण फोन जोडला जातो आणि लॉगिनचं पानच उघडत नाही. कधी उघडलं तर मेसेज जातात, कॉल मात्र ‘रीकनेक्टिंग’वर अडकतो. सासूबाई दिवसातून दहा वेळा विचारतात, “बोलला का गं तो?” मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, मला जाता येणार नाही. इथून मी काय करू शकते?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. माझा मोठा भाऊ उत्तर जर्मनीतल्या एका इस्पितळात नऊ आठवडे होता आणि मी इथं ठाण्यात, नौपाड्यात. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ट्रंक कॉल लागावा म्हणून ताटकळलेल्या माणसांचे आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलेत. सासूबाईंचा प्रश्न मला त्यांच्याच आवाजात ऐकू आला.

पहिलं काम आजच करा. मिस्टरांच्या नंबरावर एक दिवसाचा रोमिंग पॅक ऐरोलीतून तुम्हीच मारा. प्रीपेड नंबराचा रिचार्ज कुणालाही करता येतो, त्यासाठी त्यांच्या ओटीपीची गरज नाही. हा एक दिवस गप्पांसाठी नाही, पुढची सोय लावण्यासाठी आहे. त्यांच्या इथल्या नेहमीच्या प्लॅनची मुदत संपत आली असेल तर तीही वाढवून घ्या. नंबर बंद पडला तर बँकेचे ओटीपीही बंद.

आता त्यांना फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायला सांगा. येणाऱ्या आकड्यांमध्ये ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर त्यांच्या फोनमध्ये ई-सिम चालतं, म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये भरायचं सिम. मग त्यांना पलंगावरून उठावं लागणार नाही आणि दुकानही शोधावं लागणार नाही. प्रवाशांसाठी फक्त डेटा देणारी ई-सिम ऑनलाइन मिळतात. तुम्ही तुमच्या कार्डाने विकत घ्या, म्हणजे ओटीपी तुमच्या हातातल्या फोनवर येईल. मात्र आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात, परदेशी व्यवहार आपणच चालू करायचे असतात. माझं पेमेंट दोनदा परत आलं ते याच कारणाने, आणि मी मात्र रात्रभर नेटला दोष देत बसले होते.

ई-सिमचा क्यूआर कोड ईमेलने येतो. आता गंमत बघा, ज्या फोनमध्ये सिम घालायचं त्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? दादाचं घोडं इथेच अडलं होतं. तुमच्या मिस्टरांकडे ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यावर कोड उघडायचा आणि फोनने स्कॅन करायचा. नसेल तर ईमेलमध्ये कोडाखाली अक्षरं-आकडे दिलेले असतात, ते सेटिंगमध्ये हाताने भरता येतात. एकदा घातलेलं ई-सिम चुकूनही डिलीट करू नका म्हणावं. बहुतेक ई-सिम पुन्हा घालता येत नाहीत.

मग एक सेटिंग नीट समजून घ्यायचं, कारण पैसे तिथेच उडतात. नव्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवायचं, ते बंद असेल तर नेट मिळत नाही. आपल्या इथल्या सिमचं डेटा रोमिंग बंद, पण सिम मात्र चालू. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत राहतात. त्या नंबरवर आलेला साधा कॉल मात्र पॅक नसताना उचलू नये, उचलणाऱ्यालाही पैसे पडतात. नातेवाइकांना हे तुम्हीच कळवून टाका. काळजीने फोन करणारे खूप असतात.

ईआयडी दिसला नाही तर कंपनीच्या एचआरला फोन करा आणि अजिबात संकोच करू नका, माणूस त्यांच्याच कामावर असताना पडलाय. तिथल्या सहकाऱ्याने छोटा पॉकेट राउटर, म्हणजे स्वतःचं वाय-फाय देणारं खिशातलं चालू यंत्र, आणून दिला की काम झालं. नुसतं सिम आणून देणं तितकं सोपं नाही. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्राची तपासणी लागते, सुपरमार्केटात पाकीट विकत घेतलं तरी.

इस्पितळाच्या वाय-फायचे पैसे भरलेच आहेत तर तेही वसूल करू. पान उघडत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे ऑफिसचं व्हीपीएन, फोनला ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं अ‍ॅप. लॉगिन होईपर्यंत ते बंद ठेवायचं. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ही बंद करायचं. मग ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) टाइप करायचं, म्हणजे अडकलेलं लॉगिनचं पान बहुतेक वेळा समोर येतं. दुसरं म्हणजे, हल्लीचे फोन वाय-फायला आपला खरा हार्डवेअर पत्ता, म्हणजे फोनची ओळख सांगणारा नंबर, न देता बनावट देतात. तो बदलला की इस्पितळाच्या यंत्रणेला वाटतं की फोन नवा आहे, आणि विकतचा कोड चालेनासा होतो. त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये, प्रायव्हसीखाली, फोनचाच पत्ता वापरा असा पर्याय असतो, तो निवडायचा. कॉल तरीही अडकत असतील तर इस्पितळाच्या नेटवर्कनेच ते रोखलेले असू शकतात. मग वाय-फाय बातम्या, सिनेमे, मेसेज यांना आणि ई-सिम कॉलला व बँकेला, अशी वाटणी करून टाका.

नर्सला विचारताना ‘वे-लान’ म्हणायला सांगा. जर्मन माणूस वाय-फायला तेच म्हणतो. वाय-फाय म्हटलेलंही कळतं, पण त्यांचा शब्द ऐकला की चेहरा जरा सैल होतो, असं दादा सांगायचा. आणि ‘ग्र्युने दामेन’, म्हणजे हिरव्या बायका, त्या इस्पितळात येतात का हेही विचारायला हवं. हिरवा झगा घालून येणाऱ्या या स्वयंसेविका. १९६९ साली ब्रिगिटे श्रोडर यांनी हे काम सुरू केलं आणि आता त्यात पुरुषही असतात. पेशंटपाशी बसतात, बारीकसारीक खरेदी करून आणतात. दादाला दोन मीटरची चार्जिंगची वायर अशाच एका आजींनी आणून दिली. पाय वजनाला बांधलेला, प्लग भिंतीत डोक्यामागे, आणि त्याची स्वतःची वायर हातभर! फोन चार्ज करायला दर वेळी नर्सला हाक मारावी लागायची. ती वायर आल्यावर त्याचा आवाजच बदलला. आपला दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा मात्र नाही.

व्हिडिओ कॉलवर शेजारच्या पलंगावरचा पेशंट दिसता कामा नये. याबाबत तिथले लोक फार काटेकोर असतात, आणि ते रास्तच आहे. कॅमेरा भिंतीकडे ठेवायचा.

आता वेळेचं. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. तुम्ही बहुधा रात्री जेवणं उरकून फोन करत असाल. तेव्हा तिथं संध्याकाळ असते, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते, माणूस त्यातल्या त्यात बरा असतो. खरी कठीण वेळ रात्री दोनची. गोळीचा असर उतरतो, पाय ठणकतो, शेजारचा घोरत असतो. तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. ऐरोलीत दूध आलेलं असतं, मुलं दप्तर भरत असतात.

मी त्या वेळी नेटवरूनच, पण नुसता आवाजाचा कॉल लावायचे, व्हिडिओ नाही. त्याला डेटा फार थोडा लागतो. दादा इयरफोन लावून नुसता ऐकायचा आणि शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून उत्तर टाइप करून पाठवायचा. एकदा माझं बोलणं संपलं, ठेवते म्हटलं, तर त्याने लिहिलं, “ठेवू नकोस. कुकर लावलायस ना, शिट्ट्या होऊ देत.” तेव्हापासून फोन ओट्यावर, डब्यांच्या शेजारी ठेवू लागले.

सासूबाई पहाटे उठत असतील. पूजेच्या वेळी फोन त्यांच्याजवळ ठेवून द्या. त्यांनी काही बोललं नाही तरी चालेल.