शुगर-बीपीच्या पेशंटला अटॅक आणि लकव्याची लक्षणं आधीच सांगावीत का, की उगाच भीती बसते?

सांगा. आजच सांगा. तुमच्या आईला १० वर्षांपासून शुगर आहे आणि घरातले म्हणतात की कशाला घाबरवायचं, हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडेही हेच म्हणायचे.

आम्ही चोपडा तालुक्यातले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, १४ वर्षांपासून शुगर आणि बीपी. गोळ्या, पथ्य, दर महिन्याचं चेकअप सगळं व्यवस्थित, पण हे दुखणं एक दिवस मेंदूवर जाऊ शकतं आणि तेव्हा काय दिसतं हे १४ वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. २०१९ च्या दिवाळीला मी घरी होतो. सकाळी सव्वासहाला चहा पिताना आबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला, मग कप सुटला. माय लगेच म्हणाली, यांचं तोंड वाकडं दिसतंय. आबा म्हणाले, "काय नही व्हयनं माले", पण तेही जड जिभेनं. नाना, म्हणजे माझे काका, म्हणाले की कापूस वेचणीची दगदग झालीय, वारं लागलं असेल, पडू द्या जरा. तेल चोळलं, कांदा हुंगवला. मीही गप्प बसलो, शिकलेला असून.

नऊ वाजता उजवा हात उचलेना तेव्हा गाडी काढली. आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं सलाईन लावून तास घालवला, सीटी स्कॅनची सोयच नव्हती. जळगावला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचे नीट कधी होते?" सव्वासहा सांगितलं तर म्हणाले गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता देता येत नाही. आबांचा उजवा हात अजून कामाचा नाही.

म्हणून तोंड वाकडं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा, १०८ ला फोन करा आणि थेट सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्या. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी न्याच, तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. अटॅकचं म्हणाल तर शुगरवाल्याला छातीत दुखेलच असं नाही, नसा बधिर झालेल्या असतात. नुसता दरदरून घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणं, मळमळ असंही होतं आणि आपण पित्त समजून सोडा पाजत बसतो.

हां, शुगर एकदम उतरली तरी माणूस असाच बरळतो, घरात मशीन असेल तर बघून घ्या, पण त्यात वेळ घालवू नका. आणि लकव्याची शंका असेल तर अॅस्पिरिन स्वतःच्या मनानं देऊ नका, मेंदूत रक्तस्राव झालेला असला तर उलटं होईल.

भीतीचं म्हणाल तर आईला समोर बसवून सांगा, शेजारणीलाही सांगा, कारण झटका आलेल्याला स्वतःला कळतच नाही बऱ्याचदा. आमच्या घरात पहिलं मायला दिसलं होतं आणि तिचंच कोणी ऐकलं नाही. वर नाना आजही लग्नाकार्यात सांगतात की वहिनीनं बीपीची गोळी चुकवली म्हणून झालं. चुकवली नव्हती. जळगावहून परत आल्यावर मी स्वतः स्ट्रिप मोजली, एक गोळी इकडची तिकडे नव्हती.