प्लॅनेट झू या प्राणिसंग्रहालय उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये पर्यटक मागच्या भागात जातच नाहीत, काय करावं?

सगळी गर्दी प्रवेशद्वारापाशी आणि मागचे प्राणी एकटे, असं झालं की आधी रस्त्यांची आखणी तपासा. पर्यटक रस्ता सोडून चालत नाहीत, म्हणजे खरी सूत्रं तुमच्याच हातात आहेत. मागचा रस्ता मध्येच संपत असेल तर तो वळवून मुख्य रस्त्याला जोडा, मोठी फेरी तयार होऊ द्या. वाघ, हत्ती असे गर्दी खेचणारे प्राणी टोकाला हलवा. खाण्यापिण्याची दुकानं, बाक आणि स्वच्छतागृहंही तिकडे हवीतच. गर्दी तुंबते तिथे रस्ता रुंद करा. मध्येच शॉर्टकट काढायचा मोह मात्र आवरा! कर्मचाऱ्यांसाठी वेगळा स्टाफ पाथ टाका. त्यावर पर्यटक येत नाहीत, आणि नजरेआड ठेवलेल्या स्टाफच्या इमारतींमुळे त्यांचा मूडही बिघडत नाही.