पप्पांकडून पगार घे

अगं,

तुझा मेसेज वाचला. बीकॉम झालीस, टॅली येतं, तासगावात पप्पांच्या बेदाण्याच्या धंद्यातली बिलं, जीएसटी, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या सगळं तूच बघतेस आणि वर मलाच विचारतेस की ताई मी नोकरी कधी करायची. नोकरी तर करतेयस की, पगार तेवढा नाही.

सरकारी पाहणीत तू काम करणाऱ्यांतच धरली जातेस बरं का. १५ वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं ते २०२३-२४ ला ४१.७ झालं (पुरुषांचं ७८.८), पेपरात वाचून बरं वाटतं, पण त्यात घरच्या शेतात, दुकानात रुपया न घेता राबणाऱ्या पण मोजल्यात. शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या बाईला हजेरी मिळते, तुला तीही नाही.

म्हणून कुपवाड एमआयडीसीतली नोकरीची ऑफर आलीय ती लगेच नाकारू नको. ती हातात ठेवून पप्पांशी बोल, की बाहेरचा अकाउंटंट ठेवला तर जेवढे द्याल तेवढे मला द्या. घरातल्या पोरीला कसला पगार म्हणतील. तेव्हा सांगायचं, तो धंद्याच्या खर्चात दाखवता येतो, फक्त कामाला साजेसा हवा आणि खात्यावर द्यायचा. टॅक्सचं नाव काढलं की बरेच पप्पा ऐकतात, मी बघितलंय.

खातं एकटीच्या नावाचं काढ आणि नंबर पण तुझाच जोड, नाहीतर ओटीपी दादाच्या फोनवर जाणार आणि एटीएम कार्ड आईच्या कपाटात. म्हसवडच्या बायकांच्या माणदेशी बँकेला रिझर्व्ह बँकेनं आधी लायसन नाकारलेलं, कारण काय तर बायकांना लिहिता-वाचता येत नाही, तर त्या म्हणाल्या आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. १९९७ ला बँक उभी राहिली. तू तर बॅलन्सशीट काढतेस, घाबरतेस कशाला.

आणि लग्न ठरलं की हक्कसोडपत्र पुढं येईल, सगळेच करतात म्हणून. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आपल्याकडं १९९४ च्या कायद्यानं आला, देशभर २००५ ला. भांडू नको, पण कुणी घाई केली म्हणून सही पण करू नको.

शनिवारी विश्रामबागला ये, पगाराचं पत्र करून टाकू. पप्पांना आणलंस तरी चालेल.

तुझी ताई