थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही, दहा वाजता उन्हात लगेच होतो. मिस्त्री म्हणतो इंजिन खोला. खोलावं का?

खोलू नका. निदान इतक्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डोंबिवलीत आणि ट्रॅक्टर निफाडजवळ वडिलांकडे, पहाटे ब्लोअर लावून द्राक्षबागेत फवारणी करायची तेव्हाच नेमका अडतो. मी मुंबईत बंदराजवळच्या दारुखाना भागात डिझेल इंजिनांचं काम करतो, जास्त करून लाँचची (मोटरबोटींची) आणि जनरेटरची. मुंबईत कसली आलीय थंडी! सांताक्रूझला पारा सगळ्यात खाली उतरला तो २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंश. निफाडकर हसतील. पण माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांची गावाकडे शेती आहे, त्यामुळे जानेवारीत भल्या सकाळी हेच फोन येतात. मी आधी एकच सांगतो: एकाला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायला बसवा आणि दुसऱ्याने सायलेन्सरचा व्हिडिओ काढा, आवाजासकट.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि नोझलमधून येणारा डिझेलचा फवारा त्यात पेटतो. थंडीत आत येणारी हवा गार, लायनर (पिस्टनभोवतीची नळी) गार, हेड (तिच्यावरचं झाकण) गार. तापलेल्या हवेची उष्णता ते लोखंडच ओढून घेतं. त्यात सेल्फ मंद फिरला की उष्णता जायला आणि हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला आणखी वेळ मिळतो. म्हणून भरपूर पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पेटत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये.

धूर नसला की सगळे ‘एअर घेतली’ म्हणतात. रात्रभरात एखाद्या झिजलेल्या वॉशरमधून हवा शिरते, हे खरंच होतं. पण तुमचा ट्रॅक्टर दहा वाजता कुणी हात न लावता सुरू होतो. लाइनमध्ये हवा असती तर ऊन पडलं म्हणून ती निघून गेली नसती. धूर नसेल तर मी आधी विचारेन, टाकीत डिझेल कधीचं आहे? आपल्याकडच्या मानकात थंडीचं डिझेल नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाकी महिने उन्हाळ्याचं. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा थंडीच्या डिझेलला ६ अंश, उन्हाळ्याच्या डिझेलला १८. दिवाळीआधी भरून ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल निफाडच्या पहाटे मेण धरू शकतं, आणि उन्हात ते आपोआप विरघळतं. ताजं डिझेल आणि नवा फिल्टर घालून बघा.

पांढरा धूर असेल (आणि माझा अंदाज तोच आहे) तर आवाज ऐका. सेल्फ रेंगाळत, दम लागल्यासारखा फिरतोय का? शून्याच्या जवळ बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. सेल्फ मारत असताना बॅटरीवर मीटर लावा. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी उतरलेली किंवा कमजोर. व्होल्ट चांगले असूनही सेल्फ मंद असेल तर बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी उघडून, घासून, पुन्हा आवळा. लोक नवी बॅटरी आणतात आणि अर्थिंग मात्र तसंच गंज खात ठेवतात, हे मी इतकं बघितलंय की आता चिडतही नाही. ऑइल कोणत्या ग्रेडचं आहे तेही पुस्तिकेशी ताडून बघा. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळायचं ओझं इंजिनावर येत नाही. सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा हीटर असेल तर पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ तापू द्या. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरना तो नसतोच.

दुसरी चांगली बॅटरी जोडून सेल्फ झपाट्याने फिरला आणि तरी नुसता पांढरा धूरच निघाला, तर मात्र मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. तेव्हाही आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, नोझल काढून टेस्टिंगला द्या, गेज लावून कॉम्प्रेशन मोजायला सांगा. आकडा हातात आल्याशिवाय हेड उचलू देऊ नका.

वडिलांना एवढं नक्की सांगा: एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता काकडा धरायचा नाही, आणि ईथरचा स्प्रे मारायचा नाही. हीटर असलेल्या इंजिनात ईथर भलत्याच वेळी पेटतं, रिंगा फुटतात, कधी पिस्टनही. इंजिनावरच्या डिझेल पंपावर उकळतं पाणी ओतू नका, आतला प्लंजर अडकू शकतो. रेडिएटरमध्ये कूलंट नसून साधं पाणीच असेल तर रात्री ते काढून सकाळी चांगलं कोमट पाणी भरलेलं चालतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा.