ऐकीव गोष्टीवर राष्ट्राध्यक्षावर महाभियोग कसा काय?

प्रश्न : सर, माझा मुलगा न्यू जर्सीत असतो, फोनवर आमचा ट्रम्पच्या 2019 च्या पहिल्या महाभियोगावरून वाद झाला. मी चाळीस वर्षं कोर्टात क्लार्क होतो, ऐकीव पुरावा चालत नाही हे मला पाठ आहे. मग ज्या जागल्याने (व्हिसलब्लोअरने) तक्रार केली त्याने स्वतः काही बघितलंच नव्हतं तरी एवढं मोठं प्रकरण उभं कसं राहिलं? – एक निवृत्त वाचक, सांगली

उत्तर : काका, नमस्कार. तुमचा नियम बरोबरच आहे, फक्त तो तुम्ही चुकीच्या टप्प्यावर लावताय. आपल्याकडे एफआयआर कोण देतो? बऱ्याचदा ज्याने नुसतं ऐकलंय तो देतो आणि पोलीस त्याला "तू कुठे बघितलंस" म्हणून घरी पाठवू शकत नाहीत. एफआयआर हा पुरावा नसतोच, तपास सुरू करायची ती कळ. जागल्याची तक्रार तशीच समजा.

12 ऑगस्ट 2019 ची ती तक्रार आहे, ट्रम्प 2020 च्या निवडणुकीसाठी युक्रेनची मदत मागतायत अशी; त्यात त्याने सरळ कबूल केलंय की बहुतेक घटना मी स्वतः पाहिलेल्या नाहीत, अर्ध्या डझनाहून जास्त अधिकाऱ्यांनी कामाच्या ओघात मला हे सांगितलं. गुप्तचर खात्यांच्या इन्स्पेक्टर जनरलने, मायकल अ‍ॅटकिन्सनने, स्वतः चौकशी करून ती विश्वासार्ह ठरवली. प्रत्यक्षदर्शीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही हेही त्याच्या ऑफिसने नंतर जाहीर केलं.

आता खरी गंमत. 25 जुलैला ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा जो फोन झाला, ज्यात प्रतिस्पर्धी बायडेन आणि त्यांच्या मुलाची चौकशी करा असं ट्रम्प म्हणाले, त्याची नोंद 25 सप्टेंबरला व्हाइट हाउसनेच छापून बाहेर काढली!! म्हणजे मूळ कागद समोर आला, जागल्याने कोणाकडून ऐकलं याला मग फारसा अर्थ उरत नाही. शिवाय आरोपीचं स्वतःचं बोलणं त्याच्याविरुद्ध वापरायला अमेरिकन कोर्टातही ऐकीव पुराव्याचा नियम आड येत नाही.

तरी रिपब्लिकनांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता हं. युक्रेनमधले अमेरिकेचे तेव्हाचे प्रभारी राजदूत बिल टेलर यांची साक्ष ऐकली तर सोंडलंडने (युरोपियन युनियनमधला अमेरिकेचा राजदूत) मॉरिसनला (राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतला अधिकारी) सांगितलं आणि मॉरिसनने मला, अशी साखळी, तुमच्या कोर्टात वकील लगेच उठून उभा राहिला असता. पण कीव्हच्या अमेरिकन दूतावासातल्या डेव्हिड होम्सचं बघा, 26 जुलैला कीव्हच्या एका रेस्टॉरंटमध्ये सोंडलंड ट्रम्पशी मोबाइलवर बोलत होता, आवाज इतका मोठा की त्याने फोन कानापासून लांब धरला आणि समोर बसलेल्या होम्सला ट्रम्पचं बोलणं ऐकू आलं. याला सांगोवांगी म्हणाल का? स्वतःच्या कानाने ऐकलंय त्याने. आणि ज्यांना थेट माहिती होती, त्यातल्या मलवेनीला, म्हणजे व्हाइट हाउसच्या तेव्हाच्या कार्यवाहक चीफ ऑफ स्टाफला, हजर राहायचं समन्स होतं, तो गेला नाही. साक्षीदार येऊ द्यायचे नाहीत आणि मग सगळं ऐकीवच आहे म्हणून ओरडायचं, हे मला तरी पटत नाही.

बाकी मुलाला सांगा की महाभियोगात पुराव्याचा कायदा कोर्टासारखा लागूच नाही. हाउस, म्हणजे त्यांच्या संसदेचं आपल्या लोकसभेसारखं सभागृह, फक्त आरोप ठेवतं, आपल्या चार्जशीटसारखं. सत्तेच्या गैरवापराचा आरोप 18 डिसेंबरला 230 विरुद्ध 197 ने मंजूर झाला. खटला सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, खुर्चीवर सरन्यायाधीश रॉबर्ट्स, पण त्यांनी दिलेला निर्णयसुद्धा सेनेट बहुमताने फिरवू शकते, काय घ्यायचं काय नाही हे सदस्यच ठरवतात. कोर्टात दाद मागायची म्हणाल तर 1993 मध्ये वॉल्टर निक्सन नावाच्या एका जजच्या प्रकरणात त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की सेनेटने खटला कसा चालवावा हे आम्ही बघणार नाही.

31 जानेवारी 2020 ला साक्षीदार बोलवायचा ठराव 51 विरुद्ध 49 ने पडला, ट्रम्पचा माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टन साक्ष द्यायला तयार असूनही त्याला कोणी बोलावलं नाही. 5 फेब्रुवारीला निकाल लागला. दोषी ठरवायला 67 मतं लागतात, सत्तेच्या गैरवापराच्या आरोपावर पडली 48, त्यात रिपब्लिकन एकटा मिट रॉम्नी.