दहा वर्षांनी जर्मनीला नर्स लागतील का?

प्रश्न : मुलगी लातूरला बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एजंट जर्मनीतल्या नोकरीसाठी चार लाख मागतोय. तिकडे बाहेरच्यांविरुद्ध वातावरण तापलंय म्हणतात. दहा वर्षांनी ‘परत जा’ म्हणाले तर? – एक आई

उत्तर : ताई, भीती समजते, पण आधी तिथल्या लोकांची वयं बघा. जर्मनीत 1964 साली साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली. 2024 मध्ये जन्मली त्याच्या निम्मी, पावणेसात लाखांच्या आसपास. 1972 पासून तिथे दरवर्षी जन्मापेक्षा मृत्यू जास्त आहेत. तरी लोकसंख्या टिकली ती बाहेरून आलेल्यांमुळे. 1964 ची ती पिढी 2031 मध्ये सदुसष्टची होऊन निवृत्त होईल. त्यात नर्सही असतील, आणि पुढे नर्स लागणारे म्हातारेही तेच. 2049 पर्यंत किमान 2 लाख 80 हजार नर्स-काळजीवाहक कमी पडतील, असा तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज आहे. सरकार कुणाचंही येवो, ही वयं काही बदलत नाहीत.

नियम मात्र बदलतात. तीन वर्षांत नागरिकत्वाची सोय 2024 मध्ये आली आणि 2025 मध्ये गेलीसुद्धा. पाच वर्षांची अट राहिली. 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. तेव्हा सगळं सुरळीतच होईल, असं मी म्हणणार नाही. त्या पक्षाचा जोर देशाच्या पूर्व भागात जास्त, म्हणून तिकडच्या छोट्या गावात नोकरी मिळाली, तर शेजारपाजारची चौकशी आधी करायला सांगा.

खरी अडचण भाषेची. आपली पदवी तिथे आपोआप चालत नाही. मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात), वर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण. मान्यता हाती येईपर्यंत सहाय्यक म्हणूनच काम, आणि पगारही तेवढाच. वॉर्डात आजोबा बोलीभाषेत पुटपुटतात, ते कळलं पाहिजे. म्हणून क्लास आत्ताच लावा. पदवी होईपर्यंत बी-वन झालं तरी खूप झालं. आणि इथे एखाद्या हॉस्पिटलात वर्षभर ड्यूटी केलेली असेल तर उत्तमच.

चार लाख देऊ नका. तिथे परदेशी नर्स भरतीसाठी सरकारमान्य गुणवत्ता शिक्का आहे. तो असलेल्या ठिकाणी भरतीचा खर्च मालक करतो, उमेदवार नाही. एजंटला तीनच गोष्टी विचारा : हॉस्पिटलचं नाव काय, करार कुठल्या भाषेत, मान्यता मिळेपर्यंत पगार किती. उत्तराऐवजी ‘सीटा भरत आल्यात’ ऐकू आलं, तर फोन ठेवून द्या.